कळंबाची फांदी

वैशाख लागला की पहाटेच कुठंतरी हलगी वाजायला लागते. उन्हं वर येईपर्यंत आमच्या गल्लीत एखादा मांडव उभा राहिलेला असतो आणि सावली गार राहावी म्हणून त्याच्यावर पाणी मारलेली गोणपाटं टाकलेली असतात. ओल्या गोणपाटाला ऊन लागलं की एक वास सुटतो. इतरांना त्या वासात लग्नघर दिसत असेल. मी त्या दिवसांत दारातली बाज आत ओढून घेतो. लोकांना वाटतं, दलालाला आता ऊन सोसत नाही.

बैलबाजारात माझा जन्म गेला. दुसऱ्याची जनावरं हाकत परंड्याच्या बाजाराला पायी जायचो, तिथून सुरुवात. मग स्वतःची एक जोडी घेतली, विकली, पुन्हा घेतली. निजामाचं राज्य गेलं, त्याचा हाली रुपया गेला, आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला, कचेरीवरच्या पाटीची लिपी बदलली. बैलाचे दात बघायची रीत तेवढी बदलली नाही. मला कुणी काही दिलेलं नाही. जे आहे ते घासाघीस करून मिळवलेलं आहे, आणि त्याची मला कधी लाज वाटली नव्हती.

आमच्यात प्रत्येक घराण्याचं एक देवक असतं. कुणाचं वेळू, कुणाचं उंबर, कुणाचं मरवेल. ते झाड म्हणजे घरातलं थोरलं माणूस. त्याच्यावर कुऱ्हाड चालवायची नाही, ते चुलीत घालायचं नाही. लग्नात मात्र त्याची एक डहाळी मारुतीच्या देवळातून वाजतगाजत आणायची आणि मांडवाच्या मेढीला, म्हणजे मुख्य खांबाला, बांधायची. देवक बसल्याशिवाय पोरीच्या अंगाला हळद लागत नाही. आमचं देवक कळंब. मी राहतो त्या गावाचं नाव तेच, आणि साऱ्या गावात कळंबाचं एक झाड नाही.

वडील मी लहान असताना गेले. चुलत्याच्या घरी वाढलो, म्हणजे त्यांची गुरं वळत वाढलो. चुलत्याचा थोरला मुलगा आबा. आबाच्या बहिणीच्या लग्नात देवकाचं ताट ओट्यावर ठेवलेलं होतं. मला नुकतं मिसरूड फुटलेलं. वाटलं, मीही घरातलाच, उचलावं. आबाने सगळ्या पाहुण्यांसमोर ताट माझ्या हातातून काढून घेतलं. “शेणाचे हात धुऊन ये आधी,” म्हणाला. मी आडावर गेलो, राखेने घासून हात धुतले. परत आलो तर देवक पुढं निघून गेलेलं. वाजंत्री पार वेशीकडून ऐकू येत होती.

ते वाक्य मी सांभाळून ठेवलं. बाजारात कुणी वरच्या पट्टीत बोललं की मला आबाचा आवाज ऐकू यायचा, आणि मग समोरच्याची खैर नसायची. माझा संताप तालुक्यात प्रसिद्ध आहे. त्यातला निम्मा आबाचा.

माझ्या शालनचं लग्न ठरलं तेव्हा भावकीतल्या तरण्या पोरांपैकी कुणी कळंबाचं पानसुद्धा पाहिलेलं नव्हतं. डोंगरातली झाडं कधीच वखारींत गेली होती. आबाच्या घरी लग्न असलं की आंब्याची डहाळी बांधून तिलाच कळंब म्हणायचे. मी ठरवलं, शालनच्या मांडवाला खरा कळंब लागेल. आणि असा लागेल की आबाला मान वर करून बघावं लागेल.

येरमाळ्याच्या अलीकडं, बालाघाटाच्या उतारावर, एका जुन्या दरोग्याने झाडांची बाग केलीय, असं बाजारात कानावर आलं होतं. हा जंगलखात्यातला दरोगा, मुसलमान. राज्य गेलं तसे त्याचे भाऊबंद हैदराबादेला निघून गेले. हा राहिला. नोकरी संपल्यावर त्याने मुरमाड माळाचा एक तुकडा घेतला, आणि डोंगरातून जी जी झाडं नाहीशी होताना त्याने पाहिली होती, त्यांतलं एकेक आणून तिथं लावलं. पेरू लाव, पपई लाव, चार पैसे मिळतील, असं सांगणारे सांगून थकले. तालुक्याच्या एका साहेबाने त्याला गुलमोहोराचं रोप भेट दिलं, तेही त्याने परत पाठवलं. म्हणाला, “पोरगी देखणी हाय, पण आमच्यात जमायचं न्हाय.”

लग्नाची पहिली अक्षत येडाई देवीला ठेवायला गाडीवान घेऊन मी आणि बायको दमणीतून येरमाळ्याला गेलो, आणि परतताना बैल तिकडं वळवले.

बाग म्हणून डोळ्यांना काही दिसेल असं तिथं नव्हतं. वैशाखातला माळ. सालईचं अंग सोलल्यासारखं पांढुरकं, पान एक नाही. धावडा उभा, हिवर उभा. मोहाला तेवढी तांबूस पालवी फुटलेली. प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक दगड, दगडाच्या एका बाजूला उर्दूत नाव आणि दुसऱ्या बाजूला मराठीत. उर्दू अक्षरं वळणदार, सरावाची. मराठी अक्षरं थरथरत काढलेली, म्हातारपणी शिकलेल्या हाताची. त्याने ती स्वतःच लिहिली होती. राज्य बदललं तर झाडांची नावं नव्या पोरांना वाचता आली पाहिजेत, म्हणाला.

मी बैलावरून मालकाची किंमत करणारा माणूस. झाडांकडं माझं लक्ष नव्हतं. बायको मात्र एकेका झाडाशी थांबत होती. भोकराशी थांबून म्हणाली, आई याचं लोणचं घालायची. टेंभुर्णीचं फळ तिने उचलून पदराला पुसलं आणि तिथंच खाल्लं. मेडशिंगीला हात लावून म्हणाली, “ही आमच्या बांधाला होती. कधी गेली कळलंच न्हाय.” पंचवीसएक वर्षं संसार केला आम्ही, पण तिच्या माहेरचा बांध मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दरोगा उंच, वाकलेला, दाढी मेंदीने रंगवलेली. त्याने आम्हांला सावलीत बसवलं, गूळ आणि तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. आम्ही गुळाचा खडा घेतला, पाणी घेतलं नाही. त्या काळी त्यांच्या घरचं पाणी आमच्यात चालत नसे, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. त्याने राग धरला नाही. तांब्या उचलून एका वीतभर रोपाच्या बुडाशी नेला आणि अगदी सावकाश, माती पिईल तसं, ओतला. शेवटचे थेंबही झटकले. ते माझ्या डोळ्यांनी टिपलं. गिऱ्हाइकाच्या घरात शिरल्यावर आपोआप टिपतात तसं.

कळंब ओढ्याच्या काठाला होता. तो त्याने लावलेला नव्हता. पूर्वी कुणीतरी तोडलेल्या बुडख्यातून तो फुटला होता, आणि दरोग्याने शेळ्यांपासून, कोयत्यांपासून राखून वाढवला होता. दोन मोठ्या फांद्या, एक माळाकडं, एक ओढ्याकडं झुकलेली. ओढ्याकडच्या फांदीच्या टोकांना वाटाण्याएवढे हिरवे गोळे धरलेले. दरोगा ते बोट न लावता दाखवत होता. झाड पहिल्यांदाच कळ्यांवर आलं होतं. ह्या डोंगरात दुसरा कळंब त्याला कुठं सापडला नव्हता. बी धरलं तर त्याची रोपं करायची होती.

मी देवकाचं सांगितलं. त्याचा चेहरा उजळला.

“म्हंजे तुमचा बुजुर्गच की हा,” तो म्हणाला. “न्या की डहाळी पोरीच्या लग्नाला. तशीच न्या. विचारायचं काय त्यात, पाटील.”

इथं जे झालं ते बैलबाजारात जन्म गेलेल्या माणसाकडूनच होऊ शकतं. आमच्या बाजारात विकणारा जेव्हा म्हणतो, पैसे राहू द्या, तशीच न्या जोडी, तेव्हा तो गरजेने मोडायला आलेला असतो. खरा सौदा तिथून पुढं सुरू होतो. तशीच न्या, हे मला जन्मात कुणी खरोखर देण्यासाठी म्हटलेलं नव्हतं. माझं रक्त उसळलं. मी म्हणालो, डहाळी नको, मला ती ओढ्याकडची फांदी पाहिजे, अख्खी.

त्याला चेष्टा वाटली. मग वाटेनाशी झाली. मी पैशाचं बोललो, त्याने कानाला हात लावला. शेणखताच्या गाड्या बोललो, त्याने मान हलवली. बायको मागून म्हणत होती, अवो, डहाळी देत्यात ते. मी ऐकलं नाही. खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याच्या हातावर टाकलं आणि खाली हात घालून त्याचा हात धरला.

बैलांचा भाव तोंडाने करत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, बघणाऱ्यांना काही कळत नाही. दुसरे दलाल बोटं मोजायचे, मी तळहात वाचायचो. घाम आलाय का, कंप आहे का, पकड सैल पडतेय का. गरज तोंडावर लपवता येते, हातावर लपवता येत नाही. माझी सगळी कमाई ह्या एका विद्येवर झालेली आहे.

दरोग्याच्या तळहाताची सालं निघालेली होती. दोराने सोललेला हात. जुन्या घट्ट्यांवर ताजे फोड. म्हणजे तो पोहऱ्याने पाणी शेंदत होता, आणि फोड ताजे म्हणजे पाणी खोल गेलेलं, दोर वाढवलेला.

विहिरीला पाणी किती राहिलंय, मी विचारलं.

“हाय, अल्लाची मेहरबानी,” तो म्हणाला. पण उपरण्याखाली हात आखडला. मला तेवढं पुरलं.

“पाऊस पडंपतूर तुमच्या बागेला पाण्याच्या गाड्या माझ्या,” मी म्हणालो. “एक रोप वाळू देणार न्हाय. बदल्यात ती फांदी.”

त्याने त्या वीतभर रोपांच्या ओळींकडं पाहिलं, काही माना टाकलेली, काही टाकण्याच्या बेतातली. मग कळंबाकडं पाहिलं. मी हात सोडला नाही. सोडायचा नसतो.

“डहाळीनं न्हाय व्हायचं काम?” त्याने विचारलं.

“न्हाय.”

त्याने माझं बोट दाबलं.

फांदी त्याने स्वतःच्या करवतीने कापली, माझ्या गाडीवानाला कुऱ्हाड लावू दिली नाही. जखमेवर शेण आणि माती कालवून थापली. मी बैल जुंपण्यात गुंतल्यासारखं केलं. फांदी खाली आली तेव्हा कळ्यांचा एक हलका सडसडाट झाला. तो मला ऐकू आला, हे मला तेव्हा कबूल नव्हतं.

वाटेत फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून मागं ठेवली होती, तिचा वास येत होता. बायको म्हणाली, “पाहुणचार केला त्यांनी, आन् तुम्ही त्याचा सौदा केलात.” मी तिला समजावून सांगितलं की दोन्ही बाजूंचं भलं झालं, त्याची बाग वाचली, आपलं काम झालं. एका शब्दात खोट नव्हती. ती म्हणाली, “व्हय, वाचली.” आणि तोंड फिरवून बसली.

लग्नात माझा मान झाला. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत ती फांदी दोघा-तिघांनी खांद्यावर आणली. मेढीला बांधली तर तिचा शेंडा मांडवाच्या वर गेला. मी आबाच्या तोंडाकडं बघत उभा होतो. इतक्या वर्षांचं व्याज मला त्या तोंडावर दिसणार होतं.

आबाने मान वर करून पाहिलं. मग त्याने पायातल्या वहाणा काढल्या. मेढीजवळ गेला, पानाला हात लावला, तोच हात कपाळाला लावला. “लई दिसांनी आलात,” तो झाडाला म्हणाला. त्याच्या बापाच्या वेळेनंतर त्याने कळंब पाहिलेला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याकडं त्याचं लक्षसुद्धा नव्हतं. मग त्याला ते हिरवे गोळे दिसले. माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, “कळ्या हायत्या की रं हिला.” एवढंच.

दुपारपर्यंत पानं मलूल होऊन लोंबायला लागली. संध्याकाळी वरात निघाली तेव्हा मांडवात चुरगळलेल्या हिरव्या गोळ्यांचा सडा पडलेला होता, आणि येणारेजाणारे तो तुडवत होते. शालन जाताना मेढीला नमस्कार करायला वाकली. उठताना दोन कळ्या उचलून तिने आईच्या हातात दिल्या. बायकोने त्या देव्हाऱ्यात ठेवल्या. काही दिवसांनी काळ्या पडल्यावर तुळशीत टाकल्या.

गाड्या मी पाठवल्या. येरमाळ्याजवळ माझ्या ओळखीच्या माणसाची पाण्याची विहीर होती, तिथून लोखंडी पिंपं भरून रोज घाट चढायचा. शब्द दिला तो पाळला. ठरल्यापेक्षा जास्तच पाणी गेलं. पाऊस त्या वर्षी उशिरा आला तरी एक रोप मेलं नाही. असा सौदा क्वचित होतो, ज्यात कुणीच नाडलं जात नाही. मी रात्रंदिवस स्वतःला हेच सांगत होतो. चांगल्या सौद्याबद्दल माणसाला स्वतःला इतकं सांगावं लागत नाही.

पावसाळा सरल्यावर दरोगा मला येरमाळ्याच्या बाजारात भेटला. दहा लोकांत त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “हे आमचे पाणीवाले. ह्यांच्यामुळं बाग हाय.” मला वाटलं, टोमणा आहे. मी भांडायला तयार झालो. पण तो मनापासून बोलत होता. पुढंही तसंच चाललं. शाळेची पोरं, मास्तर, कुणी साहेब बाग बघायला आले की तो माझं नाव सांगायचा. लोक मला बाजारात येऊन सांगत, दरोगासाहेब लई नाव घेतात तुमचं. दरवेळी माझ्या अंगाची आग व्हायची.

माझी त्याच्याबद्दल तक्रार आहे, ती आजही आहे. त्याने मला एकदा तरी बोलून दाखवायला हवं होतं. अडलेल्या माणसाचा हात धरून तुम्ही माझ्या कळ्या नेल्यात, असं एकदा तोंडावर म्हणायला हवं होतं. मी त्याला दहा उत्तरं दिली असती. ती सगळी माझ्याजवळ तयार होती. वर्षानुवर्षं घोटून ठेवलेली होती. त्याने मला भांडण दिलं नाही, आणि भांडणाशिवाय मला कुठल्याही गोष्टीचा निकाल लावता येत नाही. आभारांचं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

परवा आबा माझ्या घरी आला. किती वर्षांनी उंबरा ओलांडला असेल. काठी टेकत आला, बाजेवर बसला, पाणी प्याला. म्हणाला, “तात्या, नातीचं लगीन हाय. शालनच्या लग्नात देवक आलं व्हतं. आता आंब्याला कळंब म्हणायला जीभ उचलत न्हाय. दरोग्याकडं तुझी वट हाय म्हणत्यात. एक डहाळी मिळंल का?”

ह्या क्षणाची मी जन्मभर वाट पाहिली होती. आबा माझ्या दारात, देवकासाठी, मागणारा. तोंडात शब्द आले होते, हात धुऊन ये म्हणणारे. ते बाहेर पडले नाहीत. मी बैल जुंपायला सांगितलं.

आबा, त्याची धाकटी सून आणि मी, तिघं गेलो. बाग वाढली आहे. ज्या रोपांना माझं पाणी गेलं ती आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. दरोगा खाटेवरून उठला, काठी शोधली, आणि नको म्हणत असताना ओढ्यापर्यंत चालत आला. कळंब एका अंगाला कललेला. माळाकडची फांदी भरलेली, तिला कळ्या धरलेल्या. ओढ्याकडं नुसतं आकाश. कापल्या जागी सालीची जाड कड वळून आलेली आहे, पण मधलं लाकूड उघडंच राहिलं आहे, काळं पडलेलं.

दरोग्याने आबाच्या हातात एक लहानशी डहाळी दिली, बिनकळ्यांची, निवडून काढलेली. आबाने ती दोन्ही हातांनी घेतली, टोपी काढली. सून झाडाभोवती फिरून बघत होती. नव्याने घरात आलेली पोर. शालनच्या लग्नात ती नव्हती. तिने त्या काळ्या जागेवर हात ठेवला.

“ही एवढी फांदी कशानं गेली, बाबा?” तिने दरोग्याला विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

“वारं सुटलं व्हतं बेटी, एका वैशाखात,” दरोगा म्हणाला. “मोडली.”

आबाने ती फांदी पाहिली होती. तिला वहाणा काढून हात लावला होता, तिच्या कळ्या त्याने मला दाखवल्या होत्या. मी त्याच्याकडं पाहिलं. आता तो बोलणार होता, आणि बोलला असता तर मी त्याला अडवलं नसतं. आबा डहाळी उपरण्यात गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “व्हय. लईच वारं व्हतं त्या साली.”

दोघेही माझ्याकडं बघत नव्हते. पोर माझ्याकडं वळली.

“तुम्हीच पाणी घालत व्हतात म्हणं तवा, तात्या. तुम्ही पाह्यलं असंल मोडताना.”

“पाह्यलं,” मी म्हणालो.